पाण्यानें मागें फिरूं नये

छत्रपती संभाजीनगरांत पाहुणा आला, कीं आपण त्याला वेरूळचीं लेणीं दाखवितों, बीबी का मकबरा दाखवितों, आणि मग पाणचक्कीवर नेतों. तेथें बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत एक लांबरुंद हौद आहे. नहरीला पाणी असलें म्हणजे उंच भिंतीच्या माथ्यावरून तें मोकळ्या हवेंतून हौदांत कोसळतें. पाहुणा ती धार पाहतो, चक्कीचें जातें पाहतो, जुन्या वडाच्या छायेंत घटकाभर बसतो आणि समाधानानें निघून जातो. मीही पुष्कळ वर्षें तसाच जात-येत असें. पुढें शाळेंत मुलांना पाण्याचा दाब शिकवूं लागलों, तेव्हां एक प्रश्न मनांत आला. या हौदांत कोणी घाण टाकली, तर ती भिंत चढून, नळांत शिरून, मागें नहरीपर्यंत जाईल काय? उत्तर सोपें आहे. जाणार नाहीं. धार आणि हौद यांच्यामध्यें हवा आहे, आणि हवेवरून पाण्याला माघारी चालतां येत नाहीं.

आजच्या भाषणाचा विषय ही हवेची फट आहे. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु या फटीच्या अभावीं मोठमोठ्या शहरांत माणसें दगावलीं आहेत. नळाचें पाणी नेहमीं पुढेंच जातें, असें आपण गृहीत धरतों. वास्तविक पाण्याला पुढें कोणतें आणि मागें कोणतें, हें ठाऊक नसतें. त्याला ठाऊक असतो तो दाब. ज्या बाजूस दाब कमी, त्या बाजूस तें धांवतें. नळांतलें पाणी बादलींत येतें तें दाबामुळें. आणि उद्यां नळांतला दाब नाहींसा झाला, तर बादलींतलें पाणी नळांत शिरण्यास निसर्गाची कांहींच हरकत नाहीं. याला मी पाण्याची माघार म्हणतों. आपल्या शहराच्या पाण्याचा इतिहास या एका दृष्टीनें पाहिला, तर पूर्वजांनीं काय साधलें, आपण काय मिळविलें आणि मिळवितांना काय गमावलें, हें स्पष्ट दिसूं लागतें.

प्रथम जुन्या काळाकडे वळूं. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी या गांवीं निजामशाहीची राजधानी वसविली. खाम नदी उशाशीं होती, परंतु तिच्या पाण्यावर राजधानी पोसली जाण्याजोगी नव्हती. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं जमिनीच्या पोटांत मात्र विपुल पाणी होतें. हें झिरपणारें पाणी एकत्र करावें, चुनेगच्ची बांधकामाच्या बंदिस्त मार्गानें उताराउतारानें आणावें आणि शहरांत हौदाहौदांतून वांटावें, अशी योजना त्यानें आंखली. हीच नहरे अंबरी. इराणांत अशा भूमिगत पाटांना कनात म्हणतात. बऱ्हाणपुरासही त्याच सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमदानींत, जमिनीखालून पाणी आणण्याचें असेंच काम झालें. आणि अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी पुण्यास आणलें, तेंही याच कुळांतलें. मलिक अंबर १६२६ सालीं वारला. पुढें औरंगजेबाच्या काळीं शहराचा विस्तार झाला, त्याचें नांव औरंगाबाद पडलें, आणि कालांतरानें थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशा आणखी नहरींची भर पडली.

या नहरींच्या रचनेंतल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली गोष्ट मनोऱ्यांची. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणीं दगडाविटांचे उंच मनोरे बांधलेले होते. त्यांतले कांहीं पडक्या अवस्थेंत आजही दिसतात. जमिनीखालून आलेलें पाणी मनोऱ्याच्या एका अंगानें नळांतून वर चढे, माथ्यावरच्या कुंडींत येई, आणि दुसऱ्या अंगानें उतरून पुढच्या वस्तीकडे जाई. नळांत कोंडलेली हवा बाहेर पडावी, आणि खापराच्या नळांना पेलणार नाहीं एवढा दाब त्यांवर येऊं नये, हा त्यांतला हेतु. परंतु त्यापासून एक आनुषंगिक लाभ होत असे. मनोऱ्याच्या माथ्यावर पाण्याची हवेशीं भेट होई आणि नळाची सलग ओढ तेथें तुटे. खालच्या मोहल्ल्यांत नळ फुटला, किंवा कोणी एकदम फार पाणी उपसलें, तरी त्याची ओढ मनोरा ओलांडून वरच्या नळांत पोंचत नसे. ओढ नाहीं, म्हणजे तेथवर माघार नाहीं.

दुसरी गोष्ट अखंड प्रवाहाची. नहर दिवसा वाहे तशीच रात्रींही वाहे. तिला बंद होण्याच्या वेळा नव्हत्या. हौद भरला कीं पाणी कांठावरून पुढच्या हौदांत जाई. नहरीचा मार्ग रिकामा पडून बाहेरची घाण आंत ओढून घेण्याचा प्रसंग, तिला पाणी असेपर्यंत, सहसा येत नसे.

म्हणून जुनें तेवढें सोनें, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. खापराच्या नळांचे सांधे कालांतरानें उकलत. नहर स्वच्छ करण्यासाठीं ठेवलेल्या विवरांवरचीं झांकणें जागेवर राहत नसत. उघड्या हौदांत हजार हात बुडत. आणि मुख्य म्हणजे, रोग पाण्यांतून येतो हें ज्ञानच त्या काळीं नव्हतें. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यांतून पटकी पसरली, हें डॉक्टर जॉन स्नो यांनीं दाखविलें तें १८५४ सालीं. आणि रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीच्या जंतूंचा शोध पक्का केला तो १८८४ सालीं. मलिक अंबराच्या कारागिरांनीं जंतूंना अडविण्यासाठीं मनोरे बांधले नव्हते. त्यांनीं पाण्याचा स्वभाव ओळखून काम केलें. संरक्षण हें त्या कामाचें न मागतां मिळालेलें फळ होतें.

आतां नव्या काळाकडे येऊं. १९६० नंतर चिकलठाणा आणि पुढें वाळूज येथील औद्योगिक वसाहती, सिडकोच्या वसाहती, यांमुळें शहर झपाट्यानें वाढलें. ८ डिसेंबर १९८२ रोजीं महानगरपालिका अस्तित्वांत आली. २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांवर गेली. एवढ्या लोकांना नहरी पुरणें शक्यच नव्हतें. शिवाय रस्ते आणि इमारती यांच्या खोदकामांत त्यांचा पुष्कळसा भाग फुटला, बुजला. सुदैवानें पैठणास गोदावरीवर जायकवाडीचें धरण झालें होतें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें उद्‌घाटन झालें. त्या नाथसागराचें पाणी फारोळ्यास शुद्ध व्हावें, तेथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढावें आणि मग शहराच्या टाक्यांत उतरावें, अशी व्यवस्था झाली. पहिली मोठी जलवाहिनी ७०० मिलिमीटर व्यासाची आणि दुसरी १४०० मिलिमीटर व्यासाची. शतकानुशतकें डोंगराकडून उतरत आलेलें पाणी आतां नाथसागराहून तीनशे फुटांपेक्षां अधिक उंच असलेल्या शहरापर्यंत विजेच्या बळावर चढूं लागलें.

हें कार्य लहान नव्हे. आमच्या पिढीनें डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आया-बहिणी पाहिल्या आहेत. घरांत नळ आला तेव्हांचा आनंद आम्हीं अनुभवला आहे. परंतु शहर वाढत गेलें आणि पाणी त्या मानानें वाढलें नाहीं. एके काळीं रोज येणारें पाणी दिवसाआड झालें, मग तीन दिवसांआड, आणि पुढें कित्येक वसाहतींत आठवड्यांतून एक-दोनदां कांहीं तास, अशी पाळी आली. पाळीपाळीनें पाणी सोडण्याची ही रीत भारतांतल्या बहुतेक शहरांत चालत आली आहे. आपण तिच्याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहतों. खरी गोष्ट अशी कीं, पाणी ज्या दिवशीं येत नाहीं त्या दिवशीं नळांत काय चाललेलें असतें, याचा विचार आपण करीत नाहीं.

नळ भरलेला असतां त्यांतलें पाणी बाहेर दाब देत असतें. सांध्याला फट असेल, तर पाणी बाहेर गळतें. बाहेरची घाण आंत येऊं शकत नाहीं. गळती हा तोटा खरा, परंतु आरोग्याच्या दृष्टीनें तो राखणदारही आहे. पाणी बंद केलें, कीं हा राखणदार निघून जातो. सखल भागांतले नळ उघडे राहिले, कीं वरच्या भागांतलें उरलेंसुरलें पाणी खालीं ओघळूं लागतें आणि आपल्या मागें पोकळी ठेवीत जातें. मग हवेचा दाब बाहेरून ढकलूं लागतो. हा दाब किती? टॉरिचेलीनें सतराव्या शतकांत पारा घेऊन मोजला तो हाच दाब. नळांत पूर्ण पोकळी झाली, तर तो पाण्याला सुमारें चौतीस फूट उंच चढवूं शकतो. फुटक्या सांध्याशेजारीं गटाराचें पाणी सांचलें असेल, तर तें चार बोटें ढकलावयास किती बळ लागणार?

या प्रश्नाचें मोजमाप आपल्या शेजारींच झालें आहे. कर्नाटकांतील हुबळी-धारवाड या जोडशहराच्या कांहीं भागांत चोवीस तास पाणी सुरू झालें, आणि उरलेल्या शहरांत पूर्वींप्रमाणें पाळीनें येत राहिलें. दोन्हीकडे येणारें शुद्ध केलेलें पाणी एकच. संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत नळाच्या पाण्याचे नमुने तपासले. विष्ठेच्या संपर्काची खूण सांगणारे जंतु पाळीच्या पाण्याच्या शंभर नमुन्यांपैकीं सुमारें बत्तीस नमुन्यांत आढळले. अखंड पाण्याच्या शंभर नमुन्यांत एकांतही पुरते नाहींत. शुद्धीकरण तेंच होतें. जो फरक पडला, तो वाटेंत आणि थांबण्यांत पडला.

ही झाली सांध्यांतून होणारी माघार. ती रस्त्याखालीं होते, म्हणून आपण ती महापालिकेच्या माथीं मारून मोकळे होतों. परंतु माघारीची दुसरी जागा आपल्या घरांत असते. या बाबतींत माझाच एक अपराध सांगतों.

मी एका शाळेंत शिक्षक होतों. वार्षिक तपासणी जवळ आली होती आणि आवाराच्या स्वच्छतेचें काम माझ्याकडे होतें. ओट्यावर एक मोठें पिंप ठेवून, त्यांत फिनेल घालून, नळाला रबरी नळी जोडून मींच ती पिंपाच्या तळापर्यंत सोडावयास सांगितली. पाणी उडूं नये एवढाच हेतु. अर्धें पिंप भरलें आणि पाणी गेलें. नळ तसाच उघडा राहिला. मधली सुटी झाली. मुलांचा पिण्याचा नळ ओट्याच्या खालच्या अंगास, त्याच वाहिनीवर होता. एक मुलगा येऊन म्हणाला, “गुरुजी, पाण्याला कसली तरी घाण येते.” मीं त्याला दटावलें, वर्गांत न बसण्याची सबब असावी, असें मला वाटलें. मग दुसरा आला, तिसरा आला. तेव्हां मीं जाऊन ओंजळ नाकाशीं नेली. पाणी दुधट होतें आणि फिनेलचा उग्र दर्प येत होता. वर येऊन पाहतों, तों पिंप निम्मेंशिम्में रिकामें! नळांतलें पाणी जातांना पिंपांतलें ओढून घेऊन गेलें होतें. मुलांनीं वासानेंच तें थुंकून टाकलें, म्हणून कांहीं विपरीत घडलें नाहीं. परंतु पिंपांत फिनेलच्या जागीं ज्याला रंग नाहीं आणि वास नाहीं असें कांहीं असतें, तर? हा विचार त्या रात्रीं मला झोंपूं देईना.

दुसऱ्या दिवशीं मीं तीच गोष्ट वर्गांत करून दाखविली. टेबलावर शाईचें पाणी भरलेली बाटली ठेवली, खालीं रिकामी बाटली ठेवली आणि दोहोंच्यामध्यें पाण्यानें भरलेली रबरी नळी सोडली. शाई आपोआप खालीं आली. मग वरच्या बाटलींतली नळी पाण्याच्या वर केवळ बोटभर उचलून धरली. शाई जागच्या जागीं थांबली. मुलांना मीं सांगितलें, कीं पाणचक्कीच्या भिंतीवरून पडणारी धार आणि ही बोटभर फट, या एकाच धड्याच्या दोन आकृति आहेत. ज्या मुलाला मीं दटावलें होतें, त्याची त्या दिवशीं वर्गासमोर क्षमा मागितली.

पिंपाच्या बाबतींत झाली ती ओढीची माघार. दुसरी असते दाबाची माघार. घरांत कूपनलिका असते, तिचा पंप असतो, आणि सोयीसाठीं कूपनलिकेचा नळ महापालिकेच्या नळाला एका चावीनें जोडलेला असतो. महापालिकेचा दाब कमी आणि पंपाचा दाब जास्त झाला, आणि मधली चावी उघडी किंवा झिजलेली असली, तर घरचें अशुद्ध पाणी सार्वजनिक वाहिनींत जाऊन शेजाऱ्याच्या माठांत पडतें. कारखाना असेल, तर रसायन जाईल. रुग्णालय असेल, तर रोग जाईल. आणि थेट नळालाच मोटार लावण्याची जी चाल पडली आहे, तिचें तर काय सांगावें! पाणी आलें, कीं गल्लींतल्या मोटारी एकदम गुरगुरूं लागतात. प्रत्येकाला वाटतें, आपण शेजाऱ्याच्या वांट्याचें चार घागरी पाणी जास्त घेतों. वास्तविक आपण रस्त्याखालच्या प्रत्येक फुटक्या सांध्याला तोंड लावून चोखीत असतों. त्या चार घागरींत काय आलें, हें मोटार सांगत नाहीं.

जगाच्या इतिहासांत याचे धडे महाग पडले आहेत. १९३३ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. दूरदूरचे प्रवासी तेथील दोन नांवाजलेल्या हॉटेलांत उतरले. त्या हॉटेलांच्या जुन्या, पुनःपुन्हां वाढविलेल्या नळव्यवस्थेंत पिण्याचें पाणी आणि सांडपाणी यांची कांहीं ठिकाणीं गांठ पडली होती. आमांशाची साथ उद्भवली. चौदाशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं आणि अठ्ठ्याण्णव दगावलीं. प्रवासी तोंवर आपापल्या गांवीं परतले असल्यामुळें रोगाचें मूळ त्या हॉटेलांत आहे, हें ध्यानांत यावयासही वेळ लागला. शिकागो शहराचें पाणी शुद्ध होतें. तें इमारतींत शिरल्यावर बाटलें. घरांतले नळ हा घरमालकाचा खाजगी प्रश्न नसून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, ही जाणीव अमेरिकेंत या प्रसंगानें दृढ झाली.

दुसरा धडा आपल्याच देशांतला, आणि त्यांत तर प्रत्यक्ष नदीच्या पात्रांत माघार झाली. १९५५ सालीं पूर ओसरल्यावर दिल्लीजवळ यमुनेचा प्रवाह वझीराबादच्या उपसा-केंद्रापासून दूर सरकला, आणि नजफगढ नाल्याचें सांडपाणी उलटें वर सरकून, जेथून शहराचें पिण्याचें पाणी उचलीत तेथें पोंचलें. अधिकाऱ्यांनीं ओळखून क्लोरीन वाढविलें. त्यामुळें विषमज्वर आणि अतिसार यांची मोठी साथ आली नाहीं. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्यें कावीळ पसरली आणि तिचे सुमारें २९,३०० रुग्ण मोजले गेले. त्या साथींत राखून ठेवलेले रक्ताचे नमुने पुढें तपासण्यांत आले. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेच्या शास्त्रज्ञांचा वांटा होता, आणि ही कावीळ तोंवर माहीत असलेल्या प्रकारांतली नव्हे, असें त्यांतून दिसून आलें. आज तिला हिपॅटायटिस ई म्हणतात. या कथेचें तात्पर्य असें, कीं औषध हा दुसरा पहारेकरी आहे; पहिला पहारेकरी झोंपला असतां केवळ त्याच्यावर विसंबतां येत नाहीं.

आणि तिसरा धडा आपल्या दारचा. नोव्हेंबर २०१७ मध्यें आपल्या शहराच्या छावणी भागांत गॅस्ट्रोची साथ आली. हजारों लोक जुलाब-वांत्यांनीं हैराण झाले; दवाखान्यांत खाटा पुरेनात. पिण्याच्या पाण्यांत दूषित पाणी मिसळल्यामुळें हें घडलें. ज्या घरांतून आजारी माणसें निघालीं, त्या घरांतल्या लोकांनीं कांहीं अपथ्य केलें नव्हतें. त्यांनीं नळ सोडला आणि पेला भरला, एवढेंच.

मग उपाय काय? पहिला आणि खरा उपाय नहरीनेंच शिकविला आहे: पाणी अखंड वाहतें ठेवावें. हें स्वप्न नव्हे. सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ मलकापूर या लहान गांवानें मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना चालवून दाखविली आणि देशांत नांव मिळविलें. नळाला पाणी केव्हांही येणार अशी खात्री असली, म्हणजे माणूस साठवीत नाहीं, मोटार लावीत नाहीं आणि साठविलेलें ओतूनही देत नाहीं. शहरासाठीं पाण्याची नवी मोठी योजना झाली, तरी तिचें यश किती दशलक्ष लिटर पाणी आलें यावरूनच मोजूं नये. नळांतला दाब दिवसरात्र टिकला कीं नाहीं, यावरूनही तें मोजावें.

तोंवर जीं कामें सार्वजनिक व्यवस्थेनें करावयाचीं, तीं अशीं. पाण्याची वाहिनी गटाराच्या वाहिनीपासून, जागा असेल तेथें, निदान तीन मीटर दूर आणि तिच्याहून वरच्या पातळींत असावी. गळके सांधे वेळेवर बदलावेत. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें. रुग्णालयें, कारखाने आणि मोठ्या इमारती यांच्या जोडणीवर एकाच दिशेनें उघडणारी झडप असावी, आणि ती दर वर्षीं तपासावी; कारण झडपेंत वाळूचा खडा अडकला, कीं ती केवळ नांवाची उरते.

हवेची फट मात्र गंजत नाहीं, झिजत नाहीं, आणि तिला तपासनीसही लागत नाहीं. म्हणून घरोघरच्या मंडळींस माझी विनंति तिच्याविषयींच आहे. टाकींत पाणी सोडणाऱ्या नळाचें तोंड टाकीच्या भरून वाहण्याच्या पातळीहून वर असावें; नळाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमींत कमी एक इंच. आवाज होतो म्हणून पुष्कळ लोक त्या तोंडाला नळी जोडून ती पाण्यांत बुडवितात. तो आवाज सोसावा, तो सुरक्षिततेचा आवाज आहे. रबरी नळी बादलींत किंवा पिंपांत सोडून जाऊं नये. मोटार नळाला न लावतां, पाणी आपल्या दाबानें खालच्या टाकींत पडूं द्यावें आणि त्या टाकींतून वर चढवावें. कूपनलिकेचे नळ सर्वस्वीं निराळे ठेवावेत. मधली चावी हा पहारा नव्हे. बऱ्याच दिवसांनीं पाणी आलें, तर पहिलें पाणी झाडांना घालावें. आणि लहान मुलानें येऊन पाण्याला वास येतो असें सांगितलें, तर त्याला दटावूं नये.

श्रोतेहो, खडकीचें फत्तेनगर झालें, फत्तेनगरचें औरंगाबाद झालें आणि २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर झालें. नांवें बदललीं, राज्यें बदललीं. पाण्याचा स्वभाव तोच राहिला. पुढच्या वेळीं पाहुण्यांना घेऊन पाणचक्कीवर जाल, तेव्हां त्यांना चक्की दाखवा, हौद दाखवा. आणि भिंतीच्या माथ्यापासून हौदापर्यंतची जी मोकळी जागा आहे, तीही बोट करून दाखवा. मग घरीं येऊन आपल्या टाकीचें झांकण उघडा आणि तेवढी जागा आपल्याकडे आहे कीं नाहीं, तें पाहा. नसेल, तर एका नळकाम करणाऱ्याचें तासाभराचें काम आहे. तेवढ्यानें तुमच्या टाकींतलें पाणी तुमच्याच टाकींत राहील, आणि शेजारच्या घरीं पेला तोंडाला लावणाऱ्या मुलाच्या वाटेस तें जाणार नाहीं.